अक्काचा निबंध

तार आली तेव्हा मी जळगावला जिनच्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याच्या, आवारात वजनकाट्यापाशी उभा होतो. कापसाचा हंगाम नुकता सुरू झालेला, बैलगाड्यांची रांग फाटकाबाहेर गेलेली, हवेत सगळीकडे रुईचे तंतू. तारवाल्याने सही घेतली आणि माझ्याकडे न बघता तो निघून गेला. तारेत एवढंच होतं, की अक्का गंभीर आहे, निघा. आपल्याकडे तारेत ‘गंभीर’ लिहितात तेव्हा काय समजायचं असतं ते मला कळत होतं. तरी पारोळ्यापर्यंत एसटीत बसून मी स्वतःची समजूत घालत राहिलो, की ताप चढला असेल, शेजारचे घाबरले असतील. पारोळ्याच्या स्टँडवर गाडी थांबली, कंडक्टर चहाला उतरला, आणि समोरून धुळ्याहून आलेल्या गाडीतून अक्काच्या शेजारचे देसले उतरताना दिसले. मलाच शोधायला ते पुढे आले होते. त्यांनी मला पाहिलं, जवळ आले, आणि माझ्या हातातली पिशवी आपल्या हातात घेतली... मग मी काही विचारलं नाही.

अक्का म्हणजे कमल, माझी थोरली बहीण. धुळ्याच्या एका मुलींच्या शाळेत तिने आयुष्यभर गणित शिकवलं. या पुरवणीच्या वाचकांत तिच्या विद्यार्थिनी असतीलच. त्यांना बाईंचा खणखणीत आवाज आठवत असेल, फळ्यावरचं सरळ अक्षर आठवत असेल. तिने लग्न केलं नाही. एकदा ठरलं होतं, मोडलं, आणि तो विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही. पण मला लिहायचं आहे ते तिच्या दुसऱ्या उद्योगाबद्दल. तो शाळेत फारसा कुणाला ठाऊक नव्हता, आणि घरात मात्र आम्हा सगळ्यांच्या मानगुटीवर बसलेला होता.

पुण्याला शिकत असताना तिला संख्यांच्या एका प्रश्नाने धरलं. धरलं हाच शब्द खरा. एका तऱ्हेच्या समीकरणांना पूर्णांकांत उत्तरं मोजकीच असतात की ती संपतच नाहीत, असा काहीसा तो प्रश्न. मला त्यातलं एवढंच कळलं, तेही तिने मला शेंगा मांडून समजावलं म्हणून. उत्तरं मोजकीच असतात असं तिचं म्हणणं होतं आणि ते सिद्ध करायला तिने तारुण्यातली सगळी वर्षं घातली. शाळा सुटली की घरी यायचं, चूल पेटवायची, आणि भात शिजेपर्यंत चुलीपुढेच पाटीवर आकडेमोड. तिच्याकडे धुणीभांडी करणारी जिजी एकदा पाटीत डोकावून आपल्या अहिराणीत म्हणाली होती, ‘‘अक्का, हाई बठ्ठं काय शे वं? किडामुंग्या शेतस का काय?’’ अक्का हसून म्हणाली, ‘‘त्याच आहेत. चावतात पण.’’

देश स्वतंत्र झाला त्या वर्षीच्या दिवाळीत तिची सिद्धता पुरी झाली. पुण्याला तिचे जुने प्राध्यापक होते. आम्ही त्यांना नुसतं ‘सर’ म्हणत असू. त्यांच्याकडे कागद पाठवले. पुढे त्यांनी भेटायला बोलावलं तेव्हा सोबत म्हणून मी गेलो होतो. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. म्हणाले, ‘‘कमलताई, काम मला पटलंय. पण एक अडचण आहे. फार जुन्या एका लेखाच्या तळटिपेत मी उल्लेख पाहिला. जर्मनीतल्या कुठल्याशा गावच्या विज्ञान मंडळाचं वार्षिक, पहिल्या महायुद्धाच्या आधीचं. त्यात एका शाळामास्तराने हाच प्रश्न सोडवल्याचं म्हटलंय.’’

‘‘तुम्ही वाचलात तो निबंध?’’ अक्काने विचारलं.

‘‘नाही. ज्याने तळटीप लिहिली त्यानेही वाचला असेल असं मला वाटत नाही. माझं ऐका, छापून टाका. कोण बघायला जातंय?’’

‘‘असेल तर असू दे,’’ ती म्हणाली. ‘‘पण न बघता कसं छापायचं?’’

ती जिना उतरू लागली तेव्हा सरांनी मला दारातच थांबवलं. हळू आवाजात म्हणाले, ‘‘बहिणीला सांभाळा. निबंध सापडला तर त्यांचं काम गेलं. नाही सापडला तर शोधण्यातच जन्म जाईल.’’ मी ते अक्काला कधी सांगितलं नाही. सांगून ती थांबली असती असंही नाही.

तिथून त्या जर्मन मास्तराचा निबंध आमच्या घरात राहायला आला. घरातली सगळी त्याला ‘अक्काचा निबंध’ म्हणू लागली. जिनच्या कामासाठी मला वरचेवर मुंबईला जावं लागे, कधी पुण्याला. कापसाच्या दलालांकडचं काम आटोपलं की मी ग्रंथालयांच्या पायऱ्या चढायचो. मला जर्मन येत नव्हतं. अक्काने व्याकरणाचं पुस्तक आणून ते स्वतः शिकून घेतलं होतं, आणि मला फक्त त्या वार्षिकाचं नाव, जुन्या काटेरी छापातलं, चित्रासारखं ओळखायला शिकवलं होतं. मुंबईत एका ठिकाणी तो संच होता, पण आम्हाला हव्या असलेल्या वर्षाच्या अलीकडेच संपत होता. पुढे कुणी वर्गणी भरली नव्हती. कलकत्त्याहून उत्तर आलं की पुस्तक यादीत आहे, जागेवर नाही. पुण्यात मात्र खंड सापडला. शिपायाने धूळ झटकून तो माझ्या पुढ्यात ठेवला. बाहेरून बांधणी शाबूत, पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरं. उघडला, आणि आतून भुकटी सांडली. वाळवीने पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बोगदा केला होता. कडा तेवढ्या उरल्या होत्या, चौकटीसारख्या... ते मी धुळ्याला येऊन सांगितलं. अक्का म्हणाली, ‘‘म्हणजे तो आहे. नुसती अफवा नाही.’’ त्या बातमीतून तिने एवढंच उचललं, आणि मला पहिल्यांदा तिची भीती वाटली.

मुंबईच्या ग्रंथालयात मला एक पंजाबी प्राध्यापक भेटले. लाहोरहून सगळं सोडून आलेले. रोज त्याच टेबलावर बसत, पुष्कळदा पुढ्यात पुस्तकही नसे. मी कशासाठी येतो ते त्यांनी विचारलं. नाव ऐकताच ताठ झाले. ‘‘वो तो हमारे कॉलेज में था,’’ म्हणाले. ‘‘हरी जिल्द. खिड़की के पास वाली अलमारी.’’ हवेत हात उंचावून त्यांनी त्या हिरव्या बांधणीच्या खंडाचा कपाटातला खण दाखवला, जणू अजून हात पोचेल. त्यांनी तिकडे राहिलेल्या एका जुन्या सहकाऱ्याला विचारलं. फार महिन्यांनी निरोप आला, की त्या खोल्यांत अमृतसरकडून आलेली कुटुंबं राहून गेली, थंडी कडक होती, आणि अलमारी आता नाही. पुढचं त्यांनी सांगितलं नाही.  अक्काला मी एवढंच म्हणालो, की लाहोरलाही नाही.

त्याच्या पुढच्या दिवाळीच्या सुट्टीत ती जळगावला आमच्याकडे आली होती. संध्याकाळी कंदील लावला, आम्ही ओसरीवर बसलो. ती एकदम म्हणाली, ‘‘मधू, तुझ्या कंदिलाभोवती बघ कसं इंद्रधनुष्य पडतं. गोल. काच कुठली आणलीस?’’ माझी बायको वाती वळत होती. तिचे हात थांबले. कंदील नेहमीचाच होता, काचही नेहमीची. आमचे वडील, आबा, भडगावला शिक्षक होते. मी लहान असताना त्यांनी दिव्याकडे बघून हेच म्हटलेलं मला लख्ख आठवत होतं, रंगीत कडं दिसतं म्हणून. त्यानंतर थोड्याच वर्षांत आबा भिंतीला हात लावून चालू लागले. अक्का माझ्याहून मोठी, तेव्हा तिला ते माझ्याहून चांगलं आठवत असणार. ती कंदिलाकडे बघत राहिली, आणि मग हळूच म्हणाली, ‘‘आबांसारखंच ना रे?’’

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलं ते परत येणार नाही, उरलंय ते जपायचं. एका डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली, पण तिचा उपयोग झाला नाही. बारीक वाचन बंद करा, म्हणाले. दवाखान्यातून बाहेर पडल्यावर अक्का रस्त्याच्या कडेला थांबली. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, ‘‘मग आता घाई करायला हवी.’’

दिल्लीला सरकारने तेव्हा नवीनच एक कचेरी काढली होती. परदेशातल्या ग्रंथालयांतून जुन्या लेखांच्या नकला ती मागवून देई. सरांनीच ते कळवलं. अक्काने तिथे मागणी केली. वर्ष लोटलं. एव्हाना तिला समोरच्या माणसाचा चेहरा दिसे, पण कडेने आलेलं काही दिसत नसे. मुलींच्या वह्या ती खिडकीशी जाऊन नाकाला लावून तपासत असे. आणि एका उन्हाळ्यात टपालाने एक पत्र्याची डबी आली. झाकण उघडलं तर आत कागद नव्हताच. सिनेमाच्या रिळासारखी फिल्मची गुंडाळी होती. उजेडाकडे धरली की एकेका चौकटीत एकेक पान, अक्षरं मोहरीच्या दाण्याहून लहान. ती वाचायचं यंत्र धुळ्यातच काय, सबंध खानदेशात नव्हतं. अक्काने ती पट्टी डोळ्याशी नेली, लांब धरली, पुन्हा जवळ नेली. ‘‘आला,’’ एवढंच म्हणाली. ‘‘आणि मला दिसत नाही.’’

मार्ग काढला तो गफूरभाईंनी. जळगावचे राहणारे, त्यांचा भाऊ आमच्या जिनमध्ये फिटर होता. गफूरभाई विकास खात्याच्या प्रचारगाडीवर होते. गावोगावी जाऊन मलेरिया आणि कंपोस्ट खत यांची चित्रपट्टी भिंतीवर दाखवायची, हे त्यांचं काम. मी फिल्मचा तुकडा दाखवला तेव्हा ते म्हणाले, ‘‘अरे, ही तर आमच्याच मापाची आहे.’’ सुट्टीच्या दिवशी साहेबांची परवानगी काढून ते यंत्र घेऊन धुळ्याला आले. भर दुपार होती. आम्ही खिडक्यांना गोधड्या लावल्या, दाराच्या फटीत पोती कोंबली. आत भट्टीसारखं तापलं. गफूरभाईंनी पट्टी चढवली आणि मिस्किलपणे विचारलं, ‘‘बाई, इसमें हीरो कौन है?’’

‘‘एक मास्तर आहे,’’ अक्का म्हणाली. ‘‘माझ्यासारखाच.’’

दिवा लागला आणि पांढऱ्या भिंतीवर ते पान उभं राहिलं. पुरुषभर उंच. एकेक अक्षर अंगठ्याएवढं. कितीतरी दिवसांनी अक्का छापील मजकूर वाचत होती. ती भिंतीच्या अगदी जवळ गेली, तशी तिची सावली पानावर पडली. मग ती बाजूला होऊन, बोट फिरवत, मोठ्याने वाचू लागली. आधी जर्मन, मग मराठी. गफूरभाई म्हणाले, ‘‘एकच चित्र फार वेळ ठेवता येणार नाही हां. तापते फिल्म.’’ ती मान हलवी, ते पट्टी पुढे सरकवत. पहिल्या काही पानांना ती नुसती हसत होती. ‘‘अरे, हा इथूनच गेला... मीही इथूनच...’’ मग हसणं थांबलं. ‘‘हे माझंच आहे,’’ ती म्हणाली. पुढचं पान. ‘‘हेही माझंच आहे.’’ आवाजात राग नव्हता, दुःखही नव्हतं. अंधाऱ्या घरात आपल्याआधी कुणीतरी येऊन बसलंय हे कळल्यावर माणूस जसा बोलेल, तसा तो आवाज होता.

आणि एका पानावर तिचं बोट थांबलं. तिने एक शब्द वाचला, पुन्हा वाचला. गफूरभाईंनी पट्टीला हात घातला.

‘‘थांबा.’’

‘‘जळेल बाई.’’

‘‘जळू द्या. थांबा.’’

जळक्या वासाने खोली भरली. पानाच्या एका कोपऱ्यात भिंतीवर तपकिरी डाग उमटला आणि पसरत ओळींकडे येऊ लागला. अक्का हलली नाही. डाग तिच्या बोटापर्यंत आला तेव्हा गफूरभाईंनी तिला न विचारता दिवा बंद केला.  मी चाचपडत जाऊन खिडकीची गोधडी काढली. ऊन आत आलं. अक्का कोऱ्या भिंतीपुढे तशीच उभी होती.

‘‘तो म्हणतो, ही पायरी उघड आहे,’’ ती म्हणाली. ‘‘मधू, का उघड आहे?’’

मी दुसऱ्या खिडकीचीही गोधडी काढली.

‘‘माझ्याही निबंधात तिथे हेच लिहिलंय रे. उघडच आहे म्हणून. इतकी वर्षं मी ती ओळ वाचतेय आणि तिथे सिद्धताच नाही हे मला कधी दिसलं नाही. त्याने लिहिलेलं वाचलं, तेव्हा दिसलं.’’

त्यानंतर तिने शाळेत रजा टाकली. तिला आकडे दिसत नव्हते म्हणून ती तोंडाने सांगे आणि तिच्या सोबतीला धुळ्यात ठेवलेली माझी मुलगी सुमन पाटीवर खडूने मोठ्ठे आकडे काढी. लहान संख्या घेतल्या की ती पायरी खरी निघे. मोठ्या घेतल्या तरी खरी निघे. मला आशा वाटू लागली. अक्काला वाटत नव्हती. भूक नाही, झोप नाही, आणि संख्या वाढवत वाढवत ती पुढे चाललेली. एका सकाळी मी जळगावहून पोचलो तर ती अंगणात तुळशीपाशी शांत बसली होती. ‘‘सापडली,’’ म्हणाली. ‘‘अशी एक संख्या आहे जिथे ती पायरी खोटी पडते. उघड तर नाहीच. खोटीच आहे.’’

‘‘म्हणजे तो मास्तर चुकला?’’

‘‘तो चुकला, आणि मीही. एवढं अंतर ठेवून, एकमेकांना न विचारता, दोघे एकाच खड्ड्यात पडलो बघ.’’ थोड्या वेळाने म्हणाली, ‘‘मूळ गोष्ट खरी असेलही. पण आता ती कुणालाच ठाऊक नाही. ना त्याला, ना मला.’’

सरांनी सुचवलं, की त्या निबंधातली चूक दाखवणारं छोटंसं टिपण छापावं, तेवढंही महत्त्वाचं आहे. अक्काने ते सुमनला सांगून लिहून घेतलं. जेमतेम एक पान. शेवटी तिने एक वाक्य घातलं, की प्रस्तुत लेखिकेनेही अनेक वर्षं हीच चूक केली होती. सर म्हणाले, ‘‘तुमचा निबंध तर छापलेलाच नाही. हे कशाला?’’ अक्का म्हणाली, ‘‘त्याची चूक मी चारचौघांत सांगायची, तो हयात नसताना, आणि माझी झाकून ठेवायची? मग टिपणच राहू द्या.’’ वाक्य राहिलं. टिपण युरोपातल्या एका लहानशा नियतकालिकात छापून आलं. तोवर तिचा दुसरा डोळाही गेला होता. आलेलं पान तिने बोटांनी चाचपलं, घडी केली आणि सुमनच्या हातात दिलं.

शेवटची वर्षं ती त्या खोलीत बसून डोक्यातच ती पायरी सांधायचा प्रयत्न करत राहिली. शाळेची नोकरी सुटली होती. सकाळी मी गेलो की तिचा पुटपुटता आवाज दारापर्यंत येई. कधी मध्येच ती ‘नाही, नाही’ म्हणून मान हलवी, जणू समोर कुणी बसलंय. जिजी मला बाजूला घेऊन म्हणायची, ‘‘भाऊ, अक्का भिंतसंगे बोलस.’’ मी म्हणायचो, बोलू दे. खरं म्हणजे मलाही त्या खोलीत एकट्याने जायला नको वाटे.

आमची शेवटची भेट दसऱ्याला झाली. मी निघालो तर तिने माझा हात धरून ठेवला. ‘‘मधू, त्या मास्तराला कुणी सांगितलंच नसेल रे, की तुझं चुकलंय म्हणून. आपण सोडवलं या समजुतीतच तो गेला असेल.’’ मग विचारलं, ‘‘ते बरं, की हे बरं?’’ गाडीची वेळ झाली होती. मी म्हटलं, दिवाळीला येतो तेव्हा बोलू. दिवाळीआधीच तिला ताप भरला. जिजी सांगते, शेवटच्या रात्री ती कुणाशीच बोलली नाही, भिंतीशीही नाही.

मागल्या आठवड्यात कामासाठी मुंबईला गेलो होतो. दलालाकडून निघालो आणि पाय आपोआप ग्रंथालयाच्या पायऱ्या चढले. आत गेल्यावर काउंटरवरच्या माणसाने विचारलं, कुठला खंड हवाय?  आता कशासाठी आलो होतो मी?... मग तिचं टिपण ज्यात आलं होतं, त्या नियतकालिकाचं नाव आणि वर्ष सांगितलं. अंक आला. तिकडचे काही अंक पानं न कापताच पाठवतात. कागदाच्या घड्या वरून आणि कडेने जोडलेल्याच असतात, आणि वाचणाऱ्याने त्या सुरीने उघडायच्या असतात. त्या अंकाची एकही घडी कुणी उघडलेली नव्हती. अनुक्रमणिकेत अक्काचं नाव होतं. पान मात्र दोन घड्यांच्या आत बंद होतं, आणि वाकून, कागद फुगवून पाहिलं तर आतल्या काळोखात तिच्या ओळींची टोकं तेवढी दिसत होती.

काउंटरवरचा माणूस म्हणाला, ‘‘सुरी देतो. की शिपायाला कापायला सांगू?’’

मी म्हटलं, ‘‘नको, मीच कापतो.’’ खिडकीशी बसलो, सुरी घडीत घातली आणि पान फाटू नये म्हणून अगदी सावकाश, कडेपर्यंत कापत गेलो.